एकाच लुगड्यातली म्हातारी

माझं अर्धं आयुष्य मी ठिपक्यांच्या साडीत काढलं. प्रत्यक्षात माझ्याकडे ठिपक्यांची साडी एकही नव्हती, आजही नाही. पण मंडईत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतं आणि विचारतं, “आज ठिपकं न्हायत व्हय?” मी ओशाळून हसते.

कोल्हापुरातल्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मी ‘आमच्यातलं’ नावाची चित्रपट्टी काढत असे. नव्वदच्या दशकात ती सुरू झाली आणि पुढच्या दशकातही बरीच वर्षं चालली. आमच्यात म्हणजे आमच्या घरी, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगितलं. चार चौकटी आणि चार माणसं. मी, शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर असलेले माझे मालक, आमची मुलगी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई गडहिंग्लजच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या गावच्या, म्हणून त्यांना आम्ही तिकडच्यासारखं आत्ती म्हणायचो. घरात काय शिजलं, काय सांडलं, कोण कुणावर रुसलं, एवढाच माझा विषय. राजकारणावर चित्रं काढणाऱ्यांना लोक घाबरतात. माझ्या घरात मात्र कुणीही चपला काढून सरळ स्वयंपाकघरापर्यंत यायचं.

लोकांना वाटतं, आमचं काम हसवण्याचं. ते शेवटचं काम. पहिलं काम म्हणजे माणूस ओळखू आलं पाहिजे. माझी एक चौकट छापून यायची ती काड्यापेटीपेक्षा जराशी मोठी, आणि तिच्यातला चेहरा हरभऱ्याएवढा. त्यात वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. मी जीव ओतून काढलेली आत्तींची भुवई छापून आली की माशी बसल्यागत दिसायची. तेव्हा या धंद्यात चेहऱ्यावर विसंबायचं नसतं, कपड्यांवर विसंबायचं. मालकांना जाळीचं बनियन, मला ठिपके, पोरीला आडव्या पट्ट्यांचा फ्रॉक आणि आत्तींना चौकड्याचं लुगडं. एकदा ठरलं की ठरलं. दिवाळी असो, लग्न असो, सुतक असो, बदलायचं नाही. जगभर चित्रकथा काढणारे हेच करतात आणि जगभर वाचकांना ते कळतं, असा माझा समज होता.

खऱ्या आत्ती इरकली नेसायच्या, गडद हिरवी नाहीतर जांभळी. चौकडा त्यांना बघवत नसे. पहिल्या रविवारी पुरवणी डोळ्यांजवळ धरून त्या म्हणाल्या, “हे काय नेसवलंस गं मला? गड्याच्या लुंगीगत दिसतंय.”

“आत्ती, ओळखू यायला पायजे तुम्ही.”

“मला वळखायला लुंगी लागती व्हय?”

पण त्यानंतर दर रविवारी पुरवणी आधी त्यांच्या हातात जायची. अक्षर लावून लावून त्या वाचायच्या. बरी वाटली तर काही बोलायच्या नाहीत. नाही आवडली तर म्हणायच्या, “ही अशी बोलायची न्हाय.” ही म्हणजे चित्रातली म्हातारी. आपल्यावर बेतलेल्या बाईला त्या ‘ही’ आणि ‘ती’ म्हणायच्या याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

या धंद्यातली दुसरी गोष्ट म्हणजे घडलेलं जसंच्या तसं काढता येत नाही. तसं काढलं तर तिसऱ्या चौकटीपर्यंत सगळं संपतं आणि चौथीत नुसती भिंत उरते. थोडं वळवावं लागतं. एकदा दूध उतू जाऊन पातेलं करपलं. करपवलं मी. पण बाईनं दूध करपवलं यात काय गंमत, म्हणून चित्रात ते मालकांच्या नावावर घातलं. फाउंड्रीत त्यांना आठवडाभर ‘बासुंदी’ म्हणत होते. ते चिडले, दोन दिवस धुसफुसले. काही वर्षांनी घरी पाहुणे बसले होते तर हे हसत सांगत होते, “एकदा मी दूध ठेवलं आणि विसरलोच की.” मी चहा घेऊन दारात थांबले. ह्यांना ते आठवत होतं. पातेलं कसं घासलं, कोळसा कसा निघेना, सगळं. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण क्षणभर माझाच गोंधळ झाला. खरंच मी करपवलं होतं का?

असंच एकदा चित्रातल्या म्हातारीनं दुधाच्या ग्लासात डोकावून म्हटलं, “ह्यात म्हस कुठं दिसंना.” दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे गवळी म्हैस घेऊन दारात. कोल्हापुरात कट्ट्यावर उभं राहून समोर पिळलेलं दूध प्यायची रीत आहे, त्या गावात गवळ्याच्या दुधावर शंका म्हणजे आईवरून शिवी. सगळी गल्ली जमली. त्यांनी दारातच म्हैस पिळली, फेसाळता तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आता हे काढा रविवारी.” मी काढलं. तेव्हा कुठे त्यांचा राग उतरला. हे मी पुढे बरेच दिवस हसत सांगायची. लोक चित्र आणि खरं यांत फरक करत नाहीत, किती छान, असं म्हणायची. छान कशाला म्हणतात ते मला लवकरच कळायचं होतं.

एका रविवारी दुपारी चार-पाच बायका घरी आल्या. पुढे होत्या शांताकाकी. कसबा बावड्याच्या एका महिला मंडळाच्या त्या पुढारी, अंगानं भक्कम, आवाज त्याहून. ओळखपाळख नाही, पण पाणी दिल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही.

“पोरी, राग धरू नगंस. पन बोलल्याबिगर ऱ्हावंना. म्हातारीला एकच लुगडं?”

मला समजेना. मी म्हटलं, “कुठल्या म्हातारीला?”

“तुझ्या सासूला गं. बघतोय की आमी दर आयतवारी. सनाला त्येच, लग्नाला त्येच. तुलाबी एकच साडी हाय, पन तू काय तरनी हाईस. म्हाताऱ्या मानसाला एक धुवाय, एक नेसाय तरी पायजे की.”

मी हसले. ते हसणंच मला नडलं असं आता वाटतं. मी त्यांना हरभऱ्याएवढा चेहरा, कागद, शाई सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग शांताकाकी म्हणाल्या, “त्ये ऱ्हाऊ दे. चित्रात दुसरं काढाय तुझं काय जातंय?”

याला माझ्याकडे उत्तर होतं. पण तेवढ्यात आत्ती बाहेर आल्या. अंगावर हिरवीगार इरकल, काठसुद्धा मळलेला नाही. मला हायसं वाटलं. आता या बायका आपल्या डोळ्यांनीच बघतील, आणि आत्ती तोंडाच्या फटकळ, दोन शब्द सुनावतील. शांताकाकींनी पिशवीतून जांभळ्या काठाचं नवं लुगडं काढलं आणि म्हणाल्या, “आजी, हे घ्या. न्हाय म्हनू नगा.”

आत्तींनी हात पुढे केले, लुगडं घेतलं, कपाळाला लावलं आणि आत गेल्या.

बायका माझ्याकडे बघून उठल्या. त्या बघण्याचं चित्र मला कधी जमलेलं नाही.

त्या गेल्यावर मी आत गेले. “आत्ती, असं कसं घेतलंत? सांगायचं तरी, तुमच्या ट्रंकेत किती लुगडी आहेत ते.” आत्ती नवं लुगडं घडीवर घडी घालून ट्रंकेत ठेवत होत्या, आपल्या इरकलींपासून वेगळं, दुसऱ्या बाजूला. “दिलं, घेतलं,” एवढंच म्हणाल्या.

गोष्ट गावभर झाली. गणपती-गौरीच्या दिवसांत आणखी लुगडी आली. कुणी गंगावेशीतून, कुणी राजारामपुरीतून, कुणी तर नृसिंहवाडीहून दर्शन करून परतताना दारात ठेवून गेलं. आत्ती प्रत्येक लुगडं तसंच कपाळाला लावून घ्यायच्या. नेसायच्या मात्र एकही नाहीत. मी रेशनच्या रांगेत उभी राहिले की पुढच्या दोघी बोलायच्या थांबायच्या. इचलकरंजीहून माझी नणंद आली ती दारातूनच बोलत आली, “माझ्या दारात रातंदिस माग चालत्यात, आन माझ्या आईला लोकांनी लुगडं द्यायचं? अगं, आमी कापड करून जगतोय.” तिला मी ट्रंक उघडून दाखवली. तिनं बघितली आणि आईकडे वळली, “मग तू सांगत का न्हाईस गं लोकास्नी?” आत्ती तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या.

मालक म्हणाले, “सोड की. लोक चार दिवस बोलतील.” पुरवणीचे संपादक खूश होते. पुरवणीवर गावात चर्चा होतेय, यापेक्षा काय पाहिजे? मला मात्र झोप लागेना. लोकांचं एक वेळ सोडून देता येईल. पण ज्यांच्यासाठी मी पहाटे उठून चुलीवर पाणी ठेवत होते, ज्यांच्या गुडघ्यांना तेल लावत होते, त्यांच्या मनातच काही असेल तर? मी काहीतरी कमी केलं असेल आणि ते मला दिसत नसेल, लोकांना माझ्याच चित्रात दिसत असेल, तर? मी जुनी चित्रं काढून बघत बसायची. चित्रातली सून म्हातारीशी थोडी तुटक वागते असं मला एकदा वाटलं. पुन्हा बघितलं तर तसं वाटेना.

शेवटी मी ठरवलं, चित्रानं केलेलं चित्रानंच निस्तरायचं. एका रविवारच्या पट्टीत म्हातारी देवळात गेली म्हणून घरात दिसतच नाही, असं दाखवलं. चौथ्या चौकटीत तिची बाज, आणि बाजेवर ते चौकड्याचं लुगडं नीट घडी करून ठेवलेलं. मला सांगायचं होतं, बघा, ते बाजूला ठेवलं, आता ती दुसरं नेसून गेलीय. मी स्वतःवरच खूश होऊन लुनावर बसले आणि चित्र कचेरीत देऊन आले.

रिकामी बाज, तिच्यावर घडी केलेलं लुगडं. गावानं त्याचा एकच अर्थ लावला.

सोमवारी मालक फाउंड्रीत गेले तर दोघं-तिघं येऊन खांद्यावर हात ठेवून गेले. गल्लीतले लोक सोडले तर कुणाला खरं ठाऊक नाही. संपादकांचा फोन आला, “अहो, काय हे, कळवायचं तरी.” मी म्हटलं, आत्ती इथं बसून शेंगा फोडतायत. त्यांनी फोन ठेवला.

मंगळवारी दुपारी दार वाजलं. मी परसात कपडे धूत होते, दार आत्तींनीच उघडलं. बाहेर गगनबावड्याच्या बाजूची एक म्हातारी होती, डोक्यावर इरलं घेऊन आलेली, पायाला तांबडी माती. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पैपाहुणे भाकरी घेऊन येतात, तशा तिनं आणल्या होत्या. डोळे दाखवायला ती कोल्हापूरला आली होती. नातू तिला दर रविवारी पट्टी वाचून दाखवत असे. वर्तमानपत्राच्या कचेरीत विचारून तिनं घर शोधलं होतं.

“हितंच ती चित्रं काढनारी ऱ्हाती न्हवं? म्हातारी गेली म्हनं तिची.”

मी ओल्या हातांनी धावत आले. आत्तींनी माझ्याकडे बघून पंजा जमिनीकडे केला. खाली बस, असं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

“व्हय,” आत्ती म्हणाल्या. “गेली. या, बसा.”

दोघी समोरासमोर बसल्या. पाहुणीला धड दिसत नव्हतं, त्यात चित्रातली म्हातारी चौकड्यात आणि ही इरकलीत. तिला वाटलं असेल, घरातलीच कुणी नात्याची. तिनं डोळ्यांना पदर लावला.

“लई लळा लागल्याला तिचा. तोंडाची फटकळ, पर मनात काय न्हाय.”

“फटकळ हुती खरी,” आत्ती म्हणाल्या.

“काय झालतं?”

“काय हुयाचं? वय झालतं.”

पाहुणीनं आवाज खाली आणला. “एक इचारतो, वंगाळ वाटून घिऊ नगा. सून करत हुती न्हवं तिचं? ते लुगड्याचं मला लई लागल्यालं.”

माझे हात तसेच ओले होते. इतके महिने जे मला विचारायचं धाडस झालं नव्हतं ते एका परक्या बाईनं, मेलेल्या माणसाबद्दल म्हणून, विचारून टाकलं. आत्ती माझ्याकडे बघत नव्हत्या. भाकरीच्या फडक्याची गाठ सोडत होत्या.

“करत हुती,” त्या म्हणाल्या. “पोटच्या पोरीनं केलं नसतं तेवढं करत हुती. मी बघितलंय.”

पाहुणीनं मोठा श्वास सोडला. “मग बरं झालं बाई. सुखानं गेली म्हनायची.”

आत्तींनी तिच्याबरोबर त्या भाकरीतली अर्धी खाल्ली. मलाही वाढली. स्वतःच्या मयताची भाकरी शांतपणे चावणाऱ्या माझ्या सासूबाई मी अजून डोळ्यांसमोर आणते, आणि मला हसावं की रडावं ते कळत नाही. तेव्हा मी रडले. पाहुणीला वाटलं, सासू गेल्याचं दुःख आहे. जाताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ती गेल्यावर मी विचारलं, “आत्ती, हेच त्या दिवशी शांताकाकींसमोर बोलला असता तर?”

“त्यास्नी खरं वाटलं असतं व्हय?” आत्ती म्हणाल्या. “जित्या सासूनं सुनंचं बरं बोललं की लोक म्हनत्यात, भेऊन बोलतीया. आत गेल्यावर भाकर मिळायची न्हाय म्हनून बोलतीया. मेल्यालीचं खरं मानत्यात.”

“मग लुगडी कशाला घेत होता?”

“ती मला कुठं दिल्यात? तिला दिल्यात. माझ्याजवळ ठेवल्यात नुस्ती.” आणि मग माझ्या तोंडाकडे बघून, लहान पोराला समजवावं तसं, “तिला खरंच एकच लुगडं हाय गं, सुमन. तूच दिलंयस. लोक काय खोटं बोलत न्हवते.”

हे मी किती वेळा मनात उलटसुलट करून बघितलं. त्या माझी बाजू घेत होत्या की तिची? ‘करत हुती’ म्हणाल्या ते माझ्याबद्दल की ठिपक्यांतल्या सुनेबद्दल? पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. जे मिळालं ते अर्धं जरी माझं असलं तरी पुरे, असं म्हणून मी गप्प बसले. पुढच्या रविवारी म्हातारी पुन्हा चौकड्यात हजर झाली. लोक म्हणाले, लेकीकडं गेल्ती वाटतं. गगनबावड्याच्या म्हातारीला काय वाटलं असेल, ते मला कधी कळलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी आत्ती खरोखर गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता. शेवटचं नेसवायला नवं लुगडं लागतं. शेजारच्या बायकांनी ट्रंक उघडली, एका बाजूला सगळी कोरी लुगडी. “ह्यातलंच घेऊ की,” एक म्हणाली. मी नको म्हटलं. “का गं? त्यांचीच न्हवं?” मी म्हटलं, “न्हवं. त्यांची नाहीत.” “मग कुणाची?” याचं उत्तर चारचौघींत देता येण्यासारखं नव्हतं. मालकांना महाद्वार रोडला पाठवून हिरवी इरकल आणवली आणि ती नेसवली.

संपादकांनी हळूच विचारलं, आता पट्टीत काय करणार? मला माहीत नव्हतं. म्हातारीला चित्रातून काढावं तर कसं काढावं? ते एकदा करून झालं होतं, त्याची भाकरीही खाऊन झाली होती. त्या सुमारास पुरवणी रंगीत झाली. मी कागद पुढे घेऊन बसले, सवयीनं चौकडे भरले, आणि म्हातारीच्या मागे परसातली दोरी काढली. मग उठून ट्रंक उघडली. वरचंच लुगडं बाहेर घेतलं, खुर्चीच्या पाठीवर पसरलं आणि त्याचे काठ बघून बघून, रंग जुळवून, ते दोरीवर वाळत घातलं. पुढच्या रविवारी दुसरं. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरं. ट्रंक संपली की पुन्हा पहिल्यापासून.

कुणाच्या लक्षात येईल असं मला वाटलं नव्हतं. पण एकदा मंडईत मेथी निवडत होते तर मागून खणखणीत आवाज आला. शांताकाकी. केस पांढरे झालेले, आवाज तोच. त्यांची-आमची त्यानंतर गाठ पडली नव्हती, आमच्या घरचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

“आता कसं!” त्या म्हणाल्या. “दोरीवर लुगडी दिसत्यात. त्ये जांभळ्या काठाचं तर आमचंच, मी बघितल्याबरोबर वळखलं. म्हातारी बरी हाय न्हवं?”

मी मेथीची जुडी पिशवीत घातली.

“हाय की,” मी म्हटलं.

“नेसती न्हवं त्ये?”

“नेसते की काकी. म्हणून तर धुवून वाळत घातलंय.”